७,२०,७२० : एका मोठ्या संख्येची ओळख



सहा अंकी संख्या फळ्यावर आली की बरीच मुलं आधी बिचकतात आणि मग थेट भागाकार मांडायला घेतात. विभाज्यतेच्या कसोट्या पाठ असतात, पण त्यांचा उपयोग सुचत नाही. म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांसाठी आज एकच संख्या घेऊ : सात लाख वीस हजार सातशे वीस.

१) कसोट्या लावा
एकक स्थानी ० आहे, म्हणून २, ५ आणि १० ने भाग जातो. अंकांची बेरीज १८, म्हणून ३ आणि ९ नेही जातो. शेवटचे चार अंक ०७२० म्हणजे १६ × ४५, म्हणून ४, ८ आणि १६ नेही जातो.

२) ७, ११ आणि १३ ची गंमत
संख्येत ७२० दोनदा आलंय. म्हणजे ही संख्या ७२० × १००१ आहे आणि १००१ = ७ × ११ × १३. मुलांना कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा लिहायला सांगा, जसं ४५६४५६. तिला ७, ११ आणि १३ ने भाग जाणारच!

३) मूळ अवयव
७,२०,७२० = २×२×२×२×३×३×५×७×११×१३
हा १ ते १६ या सर्व संख्यांचा लसावि आहे. इथे एक गोष्ट नक्की बोला. ३ आणि ५ ने भाग जातो म्हणून १५ ने जातो, कारण त्या सहमूळ आहेत. पण ४ आणि ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असं नाही. १२ घेऊन बघा, लगेच पटेल.

४) विभाजक किती?
विभाजक तयार करताना २ हा अवयव ० ते ४ वेळा घेता येतो, म्हणजे ५ प्रकारे. ३ हा ३ प्रकारे आणि बाकीचे चार प्रत्येकी २ प्रकारे. ५×३×२×२×२×२ = २४० विभाजक! याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. अशाच संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध लिहिला होता.

५) शेजारीण ७,२०,७२१
हिला २ ते १६ पैकी कशानेही भागा, बाकी १ च उरते. मुलं लगेच म्हणतील, "मग ही मूळ संख्या!" थांबवा त्यांना. १७ पासून पुढे तपासलंय कुठे? २×३×५×७×११×१३ + १ = ३०,०३१. हिलाही १३ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, तरी ती ५९ × ५०९ आहे. तपासल्याशिवाय ठरवायचं नाही, ही सवय गणितात फार मोलाची.

घरचा अभ्यास : २,५२० चे मूळ अवयव पाडा आणि विभाजक मोजा. उत्तर ४८ आलं पाहिजे. मुलांना आधी उत्तर सांगू नका बरं का!