हस्ताच्या तोंडावर बंगालच्या उपसागराकडे लक्ष ठेवा

सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या की डोक्यावरच्या आभाळाइतकेच लक्ष बंगालच्या उपसागराकडे हवे. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत बीड जिल्ह्यात होणारा मोठा पाऊस बहुतेक वेळा तिकडूनच येतो. पूर्व किनारा ओलांडल्यावर बालाघाटापर्यंत यायला त्याला साधारण दीड-दोन दिवस लागतात. काढणी धरायची की थांबवायची, हे ठरवायला तेवढा वेळ पुरतो.

जून-जुलैत अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीच्या पश्चिमेला रिते होतात. घाट उतरलेली हवा कोरडी पडते आणि आष्टी-पाटोद्याकडे नुसते ढग पळताना दिसतात. उपसागरात हवेचा दाब उतरला की गणित बदलते. चोहोबाजूंची दमट हवा तिकडे ओढली जाते, वर चढून थंड होते, ढग दाटतात आणि हे कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे, वायव्येकडे सरकू लागते. ओडिशा-छत्तीसगडवरून ते मध्य प्रदेशात गेले, तर आपल्या वाट्याला बहुधा भुरभुरच येते. आंध्र-तेलंगणातून आले, तर आपली राने थेट त्याच्या वाटेवर असतात. म्हणून बातमीत ते कुठे तयार झाले आणि कुठे निघाले, एवढे नीट ऐका.

26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी गुलाब चक्रीवादळ उत्तर आंध्र-दक्षिण ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकले. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा ओसरला, पाऊस मात्र ओसरला नाही. पुढच्या दोन दिवसांत मराठवाडा झोडपून निघाला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. त्याचाच उरलेला कमी दाब पुढे अरबी समुद्रात उतरला आणि शाहीन नावाने ओमानपर्यंत पोहोचला. सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणेच्या पुरानेही काठची शेते खरवडून नेली.

रानात उभे राहूनही थोडा अंदाज येतो. वारा एकसारखा वाहत असताना त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाब साधारण तुमच्या डाव्या हाताला असतो. एरवीचा पश्चिमेचा वारा पडून उत्तरेचा किंवा ईशान्येचा सुरू झाला, तर कमी दाब पूर्वेला किंवा आग्नेयेला आहे असे समजा. वळवासारख्या गडगडाटी पावसातल्या वावटळीला मात्र हा ठोकताळा लावू नका.

नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर कापणीला हात लावू नका. उभे पीक एखादी सर सोसते. कापून पसरलेले सोयाबीन भिजले की शेंगेतच कोंब येतात. कापलेले असेल तर उंचवट्यावर गंजी लावा, ताडपत्रीने झाका, भोवती चर काढा. उघडीप मिळताच ताडपत्री काढून वारा लागू द्या, नाहीतर गंजी आतून तापते. दाणे पुरते वाळवून, ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणूनच पोती भरा. दसरा झाला की ऊसतोडीला निघायचे असते, मजूर मिळत नाहीत, त्यामुळे सगळे एकदम कापून टाकायची घाई होते. ती घाई समजते. तरीही झाकता येईल तेवढेच कापा.

ऑक्टोबरात उत्तरेकडून जास्त दाबाची कोरडी हवा येते, आभाळ निवळते. काळ्या रानात वाफसा येताच रब्बी ज्वारीची पेरणी महिन्याच्या मध्यापर्यंत उरका.

युरोपात थंड-उबदार हवेच्या आघाड्या रोजचे हवामान ठरवतात. आपल्याकडे हिवाळ्यात त्यांचे धागे पश्चिमी झंझावातांच्या रूपाने उत्तर भारतात येतात. त्यांची थंड हवा आणि समुद्राची बाष्पभरली हवा मध्य भारतावर भिडली, की 2014 च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट होते. तेव्हा ज्वारी-हरभरा काढणीला आलेला असतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ ॲपवर तो मराठीत मिळतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मजूर सांगण्याआधी तो वाचा.