संकेतस्थळ आणि रोगीपाद : स्वतंत्र व्यवसायी वैद्यांसाठी काही विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. स्वतंत्र व्यवसाय करणारा वैद्य आपल्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ करवून घेतो, तेव्हा बहुधा पहिला पादच सारी जागा व्यापतो. वैद्याचे छायाचित्र, पदव्या, सत्कार आणि रोगांची लांबलचक यादी, एवढाच त्याचा विस्तार असतो. आमचे पहिले संकेतस्थळ असेच होते. ते का बदलावे लागले, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे.

नाशिक येथील आमच्या चिकित्सालयाचे संकेतस्थळ करून देणाऱ्याने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे घातले. आम्ही ते वाचले आणि तसेच राहू दिले. काही महिन्यांनी निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार आले. ते वाक्य वाचून त्यांनी भेटीपूर्वी तीन आठवडे चालू गोळ्या बंद केल्या होत्या. प्रबळ तृष्णा, दौर्बल्य आणि पायावर चिघळलेली जखम, अशी अवस्था होती. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाय वाचला. परंतु “डॉक्टरसाहेब, तुमच्याच पानावर वाचलं होतं,” हे त्यांचे शब्द आम्ही विसरू शकलो नाही.

कायदा आणि शास्त्र

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था असून मधुमेह त्यांपैकी एक आहे. त्या रोगांवर औषधाने गुण येतो अशी जाहिरात करणे निषिद्ध आहे. पहिल्या अपराधास ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. संकेतस्थळावरील मजकूर यातून सुटतो असे कोणी समजू नये. कायद्याच्या पुष्कळ आधी चरकाचार्यांनी दशप्राणायतनीय अध्यायात स्वतःचे गुण उच्चरवाने सांगत रुग्ण शोधणाऱ्यांना ‘रोगाभिसर’ म्हटले आहे.

रोग्याचे चार गुण

मग संकेतस्थळावर काय असावे? याचे उत्तर त्याच खुड्डाकचतुष्पादात आहे. रोग्याचे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण सांगितले आहेत. हे गुण वाढण्यास जे साहाय्य करते, ते उत्तम संकेतस्थळ होय.

ज्ञापकत्व : येताना चालू औषधे आणि जुने तपासणी अहवाल आणावेत, लक्षणे कधीपासून आहेत, क्षुधा, मलप्रवृत्ती व निद्रा कशी आहे हे आठवून यावे, अशी छोटी सूची द्यावी. रोगाचा तपशील मात्र संकेतस्थळावर भरून घेऊ नये. ती खाजगी माहिती आहे आणि तिच्या रक्षणासाठी २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आहे.

स्मृती आणि निर्देशकारित्व : तोंडी सांगितलेले पथ्य घरी पोहोचेपर्यंत निम्मे विसरले जाते. विरेचनापूर्वी ३ ते ७ दिवस स्नेहपान, त्यानंतर अभ्यंग-स्वेदन आणि शोधनानंतर शुद्धीनुसार ३ ते ७ दिवस संसर्जनक्रम, हे दिवसवार मांडून ठेवावे. शरद ऋतूतील विरेचनाचा काळ आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी एकत्र येतात. किती दिवस मोकळे ठेवावे लागतील हे आधी कळले, तर दिंडोरी-निफाडचा शेतकरी कर्म अर्धवट सोडणार नाही.

अभीरुत्व : पंचकर्माची भीती बहुधा अज्ञानातून येते. विकत मिळणारी परदेशी चित्रे न लावता आपल्याच कर्मकक्षाची खरी छायाचित्रे द्यावीत. स्त्रीरुग्णांसाठी परिचारिका उपस्थित असते का, शुल्क किती, वेळ किती, हे स्पष्ट लिहावे.

अक्षर आणि रचना

बहुतेक रुग्ण संकेतस्थळ मोबाईलवर पाहतात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर पुष्कळदा वाचताच येत नाही आणि चित्रात कोरलेला मजकूर शोधात सहसा सापडत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फिकट हिरव्यावर पांढरी अक्षरे शोभिवंत दिसली तरी वृद्धांना ती वाचता येत नाहीत. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे. दूरध्वनी क्रमांक बोट लावताच जोडला जावा. वैद्याचा नोंदणी क्रमांक, वेळ, सुट्टीचा वार आणि बसथांब्यापासूनचा मार्ग पहिल्याच पानावर असावा.

आणखी एक व्यावहारिक सूचना. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंदणी स्वतःच्याच नावे करावी. अन्यथा करून देणारा दुरावला की नावही जाते.

परीक्षा

संकेतस्थळ सिद्ध झाल्यावर एखाद्या ज्येष्ठ रुग्णाच्या हाती मोबाईल द्यावा आणि ‘गुरुवारी दवाखाना उघडा असतो का, ते शोधा’ असे सांगावे. ते जेथे अडखळतील, तेथे दोष रचनेचा समजावा.

आमच्या पहिल्या पानावर आता रोगांची यादी नाही. तेथील पहिली ओळ अशी आहे : ‘चालू असलेले कोणतेही औषध आम्हांस भेटण्यापूर्वी बंद करू नये.’ आपल्या संकेतस्थळाची पहिली ओळ प्रत्येक वैद्याने एकदा रुग्णाच्या दृष्टीने वाचून पाहावी, एवढीच विनंती.