बॅकअप रोज होत होता, पण रिकामा! दुकानदारासाठी सर्व्हर आणि स्क्रिप्टचा पहिला धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून दाखवल्या आहेत. त्याच धड्याची ही लेखी वही. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, नेमकं स्पेलिंग व्हिडिओत दिसेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमचं ऑनलाइन दुकान तयार प्लॅटफॉर्मवर महिन्याचं भाडं भरून चालत असेल, तर सर्व्हर सांभाळणं ही त्या कंपनीची जबाबदारी. हा धडा निवांत वाचा. पण कुणाकडून तरी वेबसाइट बनवून घेतली असेल आणि ती भाड्याच्या सर्व्हरवर तुमच्या नावाने चालत असेल, तर शेवटपर्यंत वाचाच. माझं तसंच होतं आणि ते मला महागात पडलं.

दिवाळीच्या आधीचा रविवार

आमचं सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरी वर्षभर येतात, पण दिवाळीच्या आधीचे दहा दिवस म्हणजे खरा सीझन. त्या रविवारी सकाळी गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. पैसे कापले जात होते, पण ऑर्डर सेव्ह होत नव्हती. वेबसाइट बनवणारा मुलगा गावी गेलेला, फोन लागेना. माझ्याकडे सर्व्हरचा पासवर्ड होता आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या चार कमांड.

सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरली होती. एवढं मला कळलं. पुढे मी काय केलं? मोठ्या फाइली शोधल्या, डेटाबेसच्या फोल्डरमध्ये एक भलीमोठी फाइल दिसली, जुना कचरा समजून उडवली आणि डेटाबेस रीस्टार्ट केला. ती ऑर्डरींच्या टेबलची फाइल होती. आमची वेबसाइट प्रत्येक बिलाची पीडीएफसुद्धा त्याच टेबलात कोंबत होती, म्हणून ती एवढी फुगलेली.

घाबरले नाही, कारण बॅकअप होता. रोज रात्री आपोआप व्हायचा. फोल्डर उघडलं. तारखेप्रमाणे फाइली नीट रांगेत होत्या. प्रत्येक फाइलचा आकार होता २० बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट!

पुढचे तीन दिवस पेमेंटची यादी, व्हॉट्सॲप आणि ईमेल जुळवत बसलो. बहुतेक ऑर्डरी सापडल्या. कॅश ऑन डिलिव्हरीच्या काही नाहीच सापडल्या. चिंचवडच्या एका काकूंनी परदेशी जाणाऱ्या मुलीसाठी चटणी मागवली होती. त्यांचा फोन आला तेव्हा मुलगी निघून गेली होती. पुढच्या वेळी डबा फुकट पाठवते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं, ती आता दोन वर्षांनी येणार."

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "अगं, गल्ला रोज रात्री मोजतीस की. मग ती बॅकअपची पेटी कधी उघडून बघितलीस का?"

आजचा सगळा धडा या एका प्रश्नात आहे.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत, ते आधी बघा

सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. त्याला बहुतेक वेळा स्क्रीन-माउस नसतो, म्हणून कमांडने बोलायचं. आत जायचा दरवाजा म्हणजे एसएसएच. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी तो बनवला, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं. एसएसएचमधून जाणारं सगळं बोलणं कुलूपबंद असतं.

आत गेल्यावर पहिल्या तीन कमांड:

- पीडब्ल्यूडी: बांधकाम खातं नव्हे! मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे, ते सांगते.
- एलएस डॅश एल: इथे काय काय आहे, किती मोठं आहे, कुणाच्या मालकीचं आहे, ते दाखवते.
- सीडी: एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायला.

या तिन्हींनी काहीच बिघडत नाही. दहा दिवस नुसत्या याच वापरल्या तरी चालेल. हात बसला पाहिजे.

पायरी २: जागा भरली, तर हात मागे बांधा

- डीएफ डॅश एच: कुठली डिस्क किती भरली, ते टक्क्यांत सांगते.
- डीयू डॅश एसएच: एखादं फोल्डर किती जागा खातं, ते सांगते. वरून सुरुवात करून आत आत गेलात, की जागा खाणारा सापडतो.

आमच्या बाबतीत खरा गुन्हेगार होता वेबसाइटचा एरर लॉग. एका चुकीमुळे तो दर सेकंदाला ओळी लिहीत होता. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, आणि ती आपोआप कापून ठेवायला लॉगरोटेट नावाची सोय लिनक्समध्ये असते. आमच्या वेबसाइटचा लॉग तिला जोडलेलाच नव्हता.

आता दोन नियम वहीत लिहून ठेवा.

पहिला: आरएम ही कमांड फाइल पुसते आणि इथे रिसायकल बिन नसतो. पुसण्याआधी त्याच नावावर एलएस चालवून नेमकं काय पुसलं जाणार, ते बघा. शंका असेल तर पुसू नका.

दुसरा: डेटाबेसच्या फोल्डरमध्ये हाताने काहीही पुसायचं नाही. कधीच नाही. आणि चुकून पुसलंच, तर काहीही रीस्टार्ट करू नका. लिनक्समध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसला असेल, तर नाव पुसलं गेलं तरी तो प्रोग्राम चालू असेपर्यंत आतला मजकूर शिल्लक असतो. जाणकार माणूस तो परत काढू शकतो. मी रीस्टार्ट केलं आणि तो दरवाजाही स्वतःच्या हाताने बंद केला.

पायरी ३: स्क्रिप्ट म्हणजे लिहून ठेवलेली कामाची यादी

प्रोग्रामिंग म्हटलं की लोक घाबरतात. पण नवीन मुलगा दुकानात ठेवला की आपण काय करतो? "आधी शटर उघड, मग झाडून घे, मग वजनकाटा शून्यावर आहे का बघ." बॅश स्क्रिप्ट तशीच असते. एका फाइलमध्ये एकाखाली एक कमांड. सर्व्हर वरून खाली वाचतो आणि करतो.

फरक एवढाच, की मुलगा काही चुकलं तर येऊन सांगतो. स्क्रिप्ट सांगत नाही. एक कमांड फसली तरी ती गुपचूप पुढच्या ओळीवर जाते. सांगायला तिला आपण शिकवायचं असतं.

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. ० म्हणजे काम झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे गडबड. आमच्या बॅकअपची ओळ अशी होती: मायएसक्यूएल-डम्प डेटाबेसमधला माल बाहेर काढणार, आणि जीझिप तो दाबून फाइलमध्ये भरणार. दोघांच्या मध्ये एक उभी रेघ. तिला पाइप म्हणतात. १९७३ साली युनिक्समध्ये आलेली ही रेघ आजही रोज वापरात आहे. डावीकडच्याचा माल उजवीकडच्याच्या हातात देणं, एवढंच तिचं काम.

आता आमच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. एक बाई शेंगा भाजते, दुसरी कुटते, तिसरी पाकिटं सील करते. मालक संध्याकाळी फक्त तिसरीला विचारतो, "झालं का?" ती म्हणते, "झालं." पण त्या दिवशी भाजणारी आलीच नव्हती! तिसरीने रिकामी पाकिटं सील केली. तिचं काम तिने चोख केलं.

आमच्याकडे अगदी हेच झालं. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पण स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डम्प रोज रात्री फसत होता. जीझिप रिकामा माल दाबून फाइल बनवत होता. काहीच न भरता जीझिपने बनवलेली फाइल २० बाइटची असते. आणि पाइपचा निकाल म्हणून बॅश फक्त शेवटच्या कमांडचा आकडा बघतो, म्हणजे ०. सगळं आलबेल!

उपाय तीन ओळींचा आहे:

1. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट डॅश ई लिहा. कमांड फसली, की स्क्रिप्ट तिथेच थांबते.
2. त्यासोबत पाइपफेल चालू करा. आता रांगेतल्या कुणाचंही काम फसलं, तर सगळी रांग फसली असं धरलं जातं.
3. शेवटी फाइलचा आकार तपासा. समजा रोजचा बॅकअप ५० एमबीच्या आसपास असतो. मग ४० एमबीपेक्षा लहान फाइल आली, तर स्क्रिप्टने ओरडलं पाहिजे, म्हणजे तुम्हाला ईमेल किंवा मेसेज पाठवला पाहिजे.

स्क्रिप्ट लिहायची पद्धतही हीच ठेवा. एक ओळ लिहा, चालवा, बघा. मग दुसरी. आणि एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून बघा. ती ओरडते का? नाही ओरडली, तर ती अजून पूर्ण झालेली नाही.

पायरी ४: क्रॉनला वेळ सांगताना घड्याळ बघा

ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा राखणदार म्हणजे क्रॉन. क्रॉनटॅब डॅश ई लिहिलं की त्याची वही उघडते. ओळीत आधी मिनिट, मग तास, महिन्याची तारीख, महिना, आठवड्याचा वार आणि शेवटी काम.

इथे दोन खड्डे आहेत. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. तुम्ही पहाटे २ लिहिलंत, तर काम आपल्याकडे सकाळी ७:३० ला होईल. आपल्या रात्री २:३० ला हवं असेल, तर मिनिट ० आणि तास २१ लिहायचं. आधी डेट कमांड देऊन सर्व्हरचं घड्याळ बघा.

दुसरा खड्डा: तुम्ही हाताने चालवता तेव्हा कमांड कुठे ठेवल्यात, ते सर्व्हरला माहीत असतं. क्रॉनला त्यातलं थोडंच माहीत असतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक गोष्टीचा पूर्ण पत्ता लिहा. आणि क्रॉन चुकीचा निरोप सर्व्हरच्या आतल्या टपालपेटीत टाकतो. ती आम्ही कधी उघडलीच नव्हती.

पायरी ५: गल्ला मोजा

तुम्हाला वाटेल, हे आपल्यासारख्या छोट्यांचंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले, तर रोजच्या डम्पची जागा रिकामी. डम्प करणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, म्हणून तो फसत होता, आणि फसल्याचे ईमेलही पोचत नव्हते. योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, तिने वाचवलं. तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्या कंपनीचं एक कौतुक, की हे सगळं त्यांनी लपवलं नाही, जाहीर लिहिलं.

म्हणून आता आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान उघडण्याआधी हे होतं. मी बॅकअपची फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवते. तिथे सरावाचा वेगळा डेटाबेस आहे, त्यात ती ओतते. शेवटचा ऑर्डर नंबर बघते आणि दुकानातल्या वहीशी जुळवते. जुळला तर वहीत टिक. वीस मिनिटं लागतात. आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरच्या बाहेर असतेच. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावलं, तर काय उपयोग?

या आठवड्याचा गृहपाठ

1. सर्व्हरचा पासवर्ड किंवा किल्ली तुमच्याकडे आहे का, ते आज तपासा. नसेल तर वेबसाइट बनवणाऱ्याकडून मागून घ्या. दुकान तुमचं आहे.
2. डीएफ डॅश एच चालवा. ८० टक्क्यांच्या वर असेल, तर जाणकाराला आजच फोन करा. दिवाळीची वाट बघू नका.
3. बॅकअपच्या फोल्डरमध्ये एलएस डॅश एल चालवा आणि फाइलींचे आकार वहीत लिहा.
4. एक फाइल उतरवून खरंच उघडते का, ते बघा.

हे चारही जमलं, तर तुम्ही प्रोग्रामर झालात असं नाही. पण सर्व्हरच्या बाबतीत तुम्हाला आता कुणी "सगळं आलबेल आहे मॅडम" म्हणून गप्प बसवू शकणार नाही.

चौथं काम करताना अडलात, तर व्हिडिओ थांबवत थांबवत बघा, तो भाग मी मुद्दाम सावकाश दाखवलाय. पुढच्या वेळी हीच स्क्रिप्ट वापरून रोजच्या ऑर्डरींची बेरीज रात्री आपोआप मोबाइलवर कशी मागवायची, ते बघू.

तोवर गल्ला मोजा. दोन्ही गल्ले!