थंडीत कुत्रं घरात, तरी घर स्वच्छ



गावात मला सगळे पशुसखी म्हणून ओळखतात. शेळ्यांचा गोठा कोरडा ठेवा, गव्हाण झाडून घ्या, असं मी दारोदार सांगत फिरते. आणि मागच्या मार्गशीर्षात माझ्याच घरी गटाची बैठक भरली, तेव्हा दोघी जणी नाकाला पदर लावून दाराशीच बसल्या. बचत गोळा झाली, सह्या झाल्या. उठता उठता आमच्या सचिव ताई हळूच म्हणाल्या, "पुढची बैठक शाळेच्या ओट्यावर घेऊ या का?" मला काय ते कळलं. संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांची ऑर्डर गटाला मिळाली होती आणि लाडू माझ्या घरी वळायचे ठरले होते. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, पण न बोलण्यातच सगळं आलं.

वास होता आमच्या मोत्याचा. सासूबाई म्हणाल्या, "बांध त्याला बाहेर." पण आपल्या जुन्नर तालुक्यात हे सोपं आहे का? ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय कुत्र्याच्या मागे बिबट्या आपल्या ओट्यापर्यंत येतो, जिथे आपली लेकरं खेळतात. म्हणून मोत्या रात्री घरातच राहणार, हे आम्ही ठरवलं. मग घराचं काय करायचं, ते मी शिकत गेले. तोच या महिन्याचा पाठ.

वास येतो कुठून?

कुत्र्याच्या कातडीतून थोडं तेल सुटतं. त्या तेलावर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. अंग कोरडं असेल तर वास फारसा जाणवत नाही. अंग ओलं झालं की तोच वास उठतो आणि घरभर पसरतो. आता आपल्याकडचा हिवाळा आठवा. रात्रीची लाईट असते, मालक कांद्याला पाणी भरायला जातात, मोत्या सोबत जातो. पाटाच्या पाण्यात पाय भिजतात, गवतावरच्या दवाने पोट भिजतं. पहाटे तो येऊन गोणपाटावर अंग टाकतो. गोणपाट ओलं होतं. थंडी म्हणून आपण दार-खिडक्या घट्ट लावलेल्या. ओल आत, वासही आत.

मी आधी काय केलं? अगरबत्ती लावली, धूप घातला, फिनाईल दुप्पट टाकलं. घरात धूपही दरवळला आणि त्याखाली कुत्र्याचा वासही राहिला. तेव्हा समजलं, वास झाकून जात नाही. ओल काढली की वास जातो.

कुत्रं कोरडं ठेवा

दाराशी एक जुनं सुती लुगडं फाडून त्याची फडकी टांगून ठेवा. कुत्रं शेतातून आलं की आधी पाय, मग पोट, मग शेपटीखालचा भाग पुसा. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे हे काम मालकांकडे दिलंय. ज्याच्यासोबत गेलं, त्याने पुसून आत घ्यायचं.

रोज दुपारी अंगणात मोठ्या दातांच्या फणीने केस विंचरा. गळायचे केस फणीत येतात, अंथरुणात आणि ताटात येत नाहीत. विंचरताना गोचीड, खरूज, जखमही दिसते.

थंडीत आंघोळ वारंवार नको. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. दुपारी बारा-एकच्या उन्हात, कोमट पाण्याने, कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या साबणाने घाला. कपड्यांचा साबण किंवा पावडर वापरू नका. त्याने कातडी कोरडी पडते, कुत्रं खाजवतं, जखमा होतात आणि वास आणखी वाढतो. कानात पाणी जाऊ देऊ नका. आंघोळीनंतर पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवा. मधल्या दिवसांत गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसून लगेच कोरडं केलं तरी भागतं.

एवढं करूनही वास जात नसेल, तर दुखणं असू शकतं. कान, दात, कातडी यांतलं काहीतरी बिघडलेलं असतं. तेव्हा घासत बसू नका, जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे.

अंथरूण: एक अंगाखाली, एक उन्हात

कुत्र्याची जागा एकच ठरवा. दाराजवळचा कोपरा चांगला. चूल, देव्हारा आणि धान्याची कणगी यांपासून लांब. खाली विटांवर फळी ठेवा म्हणजे जमिनीचा गारवा वर येत नाही. त्यावर गोणपाट, त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा. असे दोन संच करा. रोज सकाळी रात्रीचं अंथरूण झटकून उन्हात टाका, रात्री दुसरं घाला. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा.

धुवायला वेळ नसेल तर कोरड्या अंथरुणावर खाण्याचा सोडा भुरभुरा, पंधरा-वीस मिनिटांनी अंगणात झटका. सोडा बराचसा वास शोषून घेतो. बाळंतिणीची आणि तान्ह्या मुलाची गोधडी मात्र कुत्र्याच्या अंथरुणासोबत धुवू नका, वाळतही घालू नका.

घरात लघवी झाली तर

कुत्रं त्याच जागी पुन्हा पुन्हा जातं, कारण तिथला वास गेलेला नसतो. म्हणून जागा नुसती पुसून चालत नाही.

सारवलेली जमीन असेल तर ओली माती खरवडून बाहेर टाका, नवी माती भरून ठोका, वाळली की सारवा. वरून नुसतं सारवलं तर खालचा वास दमट हवेत परत वर येतो.

टाईल्स असतील तर आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा, मग थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी फिरवा. पण शहाबादी किंवा कडप्पा असेल तर लिंबू, व्हिनेगर लावू नका. तो दगड चुनखडीचा असतो, आंबट पदार्थाने पांढरे डाग पडतात. तिथे साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं एवढंच.

लघवीवर थेट ब्लीचिंग पावडर टाकू नका. त्यातून घसा आणि डोळे जाळणारा वायू निघतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड तर कधीच एकत्र करू नका. फिनाईल वापरलंच तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं बाहेर ठेवा. ते पाय चाटतं आणि औषध पोटात जातं. डांबर गोळ्याही त्याच्या जागेजवळ ठेवू नका. त्या कुत्र्याला विषारी असतात.

हवा खेळती ठेवा

सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत ऊन असतं. तेव्हा समोरचं दार आणि मागची खिडकी एकाच वेळी उघडा. वारा आरपार गेला पाहिजे. एक उघडी आणि एक बंद असेल तर वास कोपऱ्यातच फिरत राहतो.

आणि एक कळकळीची विनंती. थंडी घालवायला किंवा वास मारायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही. माणूस झोपेतच जातो, आणि कुत्रंही.

गोचीड आणि जंत

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते, पण अंडी भिंतीच्या फटीत घालते. म्हणून कोपऱ्याजवळच्या फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवा. पिकावर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका. गाई-म्हशींसाठी आणलेलं गोचिडीचं औषधही अंदाजाने लावू नका. आपल्या भागात अशाने चांगली कुत्री तडफडून गेलेली मी पाहिली आहेत. डॉक्टर वजन बघून औषध देतात, तेच वापरा.

अंगणातली विष्ठा रोजच्या रोज उचला आणि विहिरीपासून, परसबागेपासून लांब खड्ड्यात पुरा. भाजीच्या खतात घालू नका. कुत्र्याच्या बऱ्याच जंतांची अंडी मातीत काही दिवस राहिली की मग रोग द्यायच्या लायक होतात, आणि लेकरांची बोटं मातीतून तोंडात जातात. रोज उचलली तर ती वेळच येत नाही. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. बकरं कापल्यावर काळजात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी दिसल्या तर तो भाग कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. त्यातून कुत्र्याला जंत होतात आणि त्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात तशाच गाठी होऊ शकतात.

पिसाळण्याची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की द्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. घरात झोपणाऱ्या कुत्र्याला लस नाही, असं चालणार नाही. कुत्रं चावलं किंवा नखाने ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची लावू नका.

रोजचा क्रम, भिंतीवर लावण्यासाठी

• सकाळी: अंथरूण उन्हात, कोपरा झाडून कोरडा, विष्ठा उचलून पुरणे.
• दुपारी: दार-खिडकी आरपार उघडी, अंगणात विंचरणे.
• रात्री: पाय-पोट पुसून आत घेणे, कोरडं अंथरूण, खाण्याचं भांडं धुऊन ठेवणे.
• आठवड्याला: अंथरूण धुणे, भिंतीच्या फटी बघणे.
• दर तीन महिन्यांनी: जंताचं औषध. दरवर्षी: लस.

कुत्र्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हे मुलांना क्रमात सांगायची गरज पडू नये इतकी सवय लावा.

माझ्या घरी पुढे काय झालं

माझा सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला. फणी, साबण, सोडा. बाकी घरातलंच होतं. तीन आठवड्यांनी मी सचिव ताईंना चहाला बोलावलं आणि मुद्दाम काही सांगितलं नाही. त्या बसल्या, चहा प्याल्या, इकडचं तिकडचं बोलल्या. जाताना म्हणाल्या, "मंगळवारची बैठक तुझ्याकडेच घेऊ."

लाडू मात्र माझ्याकडे वळले नाहीत, आणि ते मीच सुचवलं. घर कितीही स्वच्छ असलं तरी कुत्र्याचा केस हवेत उडतो. खाण्याचा माल विकायचा तर तो जिथे बनतो तिथे जनावर नको. फूड लायसन्सच्या प्रशिक्षणात आपण हे ऐकलंच आहे. लाडू कोषाध्यक्ष ताईंच्या घरी वळले. मी घरी केस बांधून, धुतलेली साडी नेसून गेले आणि दिवसभर तीळ भाजले. ऑर्डर वेळेवर गेली.

मोत्या आजही दाराजवळच्या कोपऱ्यात झोपतो. रात्री उसाच्या बाजूने काही हललं की तोच आधी भुंकतो, आणि मग आम्ही ओट्यावरची लाईट लावतो.

गटाच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात किती घरांत कुत्रं रात्री आत झोपतं? त्यातल्या किती जणांची लस झाली आहे?
२. लसीकरणासाठी सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवून ग्रामसंघातर्फे डॉक्टरांना गावात बोलावता येईल का?
३. पापड, लाडू, मसाला करणाऱ्या मैत्रिणींच्या घरी कुत्रं-मांजर असेल तर कामाची जागा वेगळी कशी करायची?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर ग्रामसंघाच्या ठरावात लिहून घ्या. पशुसखी म्हणून यादी करायला मी येईन.