जुळ्या कोकरांचे जनुक

सोलापूरच्या माळरानावरील दख्खनी मेंढी काटक आहे. ती मैलोन्मैल चालते, निकृष्ट चाऱ्यावर तगते. परंतु एका वेतात ती बहुधा एकच कोकरू देते. मेंढपाळाची मिळकत मुख्यत्वे कोकरांच्या विक्रीवर असल्याने ही मर्यादा थेट त्याच्या चुलीपर्यंत पोहोचते.

बंगालच्या सुंदरबनातील गरोल मेंढी चणीने लहान, पण जुळी-तिळी देणारी. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीशी तिचा संकर घडवून ‘नारी सुवर्णा’ मेंढी विकसित केली. या गुणामागील जनुकास ‘फेक-बी’ म्हणतात. डीएनएच्या साखळीत केवळ एका अक्षराच्या जागी दुसरे आल्याने हा गुण येतो, हे २००१ मध्ये उघड झाले.

मेंढा पाहून मात्र हा गुण ओळखता येत नाही; त्याच्या मुली विईपर्यंत वर्षे लोटतात. रक्ताच्या नमुन्यावरील डीएनए चाचणी तेच उत्तर कोकरू लहान असतानाच देते. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा प्रत्येक संततीस एक प्रत देतो. एक प्रत असलेल्या मेंढीस जुळी होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दोन प्रती असल्यास तिळीही होतात, मग दूध पुरत नाही आणि अशक्त कोकरे दगावतात.

म्हणून पैदाशीचा मेंढा निवडताना त्याच्या रुबाबावर विसंबू नये, चाचणीचा दाखला पाहावा. जुळ्यांच्या आईस गाभणपणी व दूध पाजताना जादा खुराक द्यावा. जनुक कोकरे वाढवते. ती जगवण्याचे काम माणसाचेच आहे.