एकाला दुसरा जोडला आणि बेस गेला

घरातल्या खोलीत वाजवून बॉक्स पसंत करणाऱ्या बेस गिटारवाल्याला केळापूरचं मैदान दोन मिनिटांत जमिनीवर आणतं. पांढरकवड्याला लागून असलेलं हे गाव म्हणजे जगदंबेचं ठाणं. नवरात्रात इथे गर्दी लोटते आणि आमच्यासारख्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा सीझन सुरू होतो. मंडप असतो, पण त्याला बाजू नसतात; वर कापड, खाली काळी माती. खोलीच्या चार भिंती आणि स्लॅब मिळून खालच्या सुरांना जो आधार देतात, तो इथे नाही. शिवाय बेसचा खालचा आवाज काही फक्त समोरच्या श्रोत्यांकडे जात नाही. तो बॉक्सच्या मागेही जवळजवळ तेवढाच जातो, म्हणजे ढोलकीवाल्याच्या पाठीत. समोर जातो तो वरचा, तारेच्या टणत्काराचा भाग. म्हणून बॉक्सला खेटून उभा असलेला वाजवणारा खूश असतो आणि दहा मीटरवरचा माणूस विचारतो, बेस आहे कुठे?

माझ्याकडे दोन दहा इंची स्पीकरांचा एक बॉक्स होता, आठ ओहमचा. लग्नाच्या हॉलला पुरायचा. नवरात्रासाठी मात्र कमी पडेल असं वाटलं. आमच्या भागात भीमजयंतीचा कार्यक्रम असो की देवीचा, ढोलकीच्या खाली बेस हवाच. शिवाय पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस ज्यांच्या कानात बसलाय, असे श्रोते तालुक्याच्या गावातही असतात आणि नेमके पहिल्या रांगेत बसतात. तेव्हा मोडलेल्या एका ग्रुपचा पंधरा इंची बॉक्स सेकंडहँड घेतला. मागे ‘८ ओहम’ असं रंगवलेलं. एकटा वाजवून पाहिला, छान गुरगुरला. स्टेजवर पंधरा खाली, दोन दहा वर, दिसायला तर एकदम रुबाबदार.

पहिलं गाणं सुरू झालं आणि बेस नाहीसा झाला. आवाज येत होता, पण तारेचा खरखरीत वरचा भाग तेवढा. पोट गायब. मास्टर वाढवला, बेसचं बटण उजवीकडे टेकवलं, काही फरक नाही. मधल्या ब्रेकमध्ये एक काका पुढे येऊन म्हणाले, “भाऊ, गिटार दिसून रायली जी, आयकू नाई येत.” कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस धरला आणि वेळ मारून नेली. दोन-तीन गाण्यांनी मशीन, म्हणजे अँप्लिफायर, तापून बंदच पडली. लाल दिवा लागला, तो विझेना.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बॉक्सच्या जाळ्या काढून अंगणात ठेवले. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि वायरीचे दोन तुकडे, एवढंच साहित्य. केबलच्या अधिक टोकाला बॅटरीचा अधिक, वजाला वजा, क्षणभर टेकवायचं आणि उचलायचं. दहा इंचीचे दोन्ही कोन ‘टप्’ करून पुढे आले. पंधरा इंचीचा कोन आत गेला. पुन्हा टेकवलं, पुन्हा आत. त्याचा कोन कधी तरी बदलला होता आणि बदलणाऱ्याने आतल्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. एक बॉक्स हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. एका बैलाने पुढे आणि दुसऱ्याने मागे ओढावं तसं गाडं जागच्या जागी. खालच्या सुरांत हे फार जोरात घडतं. चौथ्या, सर्वांत जाड ई तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्‌झचा, त्याची लाट सव्वाआठ मीटर लांब. एवढ्या लांब लाटेपुढे एकावर एक ठेवलेले दोन बॉक्स म्हणजे जवळजवळ एकच जागा, मग एकमेकांना पुसून टाकायला वेळ तो काय लागतो! हजार हर्ट्‌झची लाट मात्र जेमतेम दीड वीत, म्हणून वरचा खरखरीत भाग वाचला.

यातलं घेण्यासारखं एवढंच की बॉक्स एकटा चांगला वाजतो यावरून तो जोडीत चालेल असं कळत नाही. उलट जोडलेला स्पीकर एकटा असेल तर कानाला जराही खटकत नाही. म्हणून बॅटरीची परीक्षा दोघांची मिळून करायची. कोन पुढेच आला पाहिजे असा हट्ट नको. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत लाल टोकाला अधिक दिलं की कोन आत जायचा, ती त्या कंपनीची रीतच होती. सगळे कोन एकाच दिशेला हलले म्हणजे झालं. आणि बॅटरी नुसती टेकवायची; धरून बसलात तर कॉइल फुकट तापते.

मशीन बंद का पडली, त्याचं उत्तर मल्टिमीटरने दिलं. स्पीकरवर लिहिलेले ओहम आणि मीटरवरचे ओहम एक नसतात, मीटर नेहमी कमी दाखवतो. आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवेल, चार ओहमचा तीन ते साडेतीन. माझ्या पंधरा इंचीने तीन पूर्णांक काहीतरी दाखवलं. म्हणजे कोन बदलताना कॉइलही चार ओहमची बसवली गेली आणि मागचा आकडा तसाच राहिला. आता हिशेब करा. आठचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम होतात, आणि बऱ्याच ट्रान्झिस्टर मशिनी चारपर्यंतच मजबूत असतात. आठ आणि चार जोडले की होतात २.६७. मशीन त्या भाराला पुरी पडत नाही. नशीब चांगलं असेल तर ती स्वतःला बंद करते, नसेल तर धूर. शिवाय अशा जोडीत चार ओहमचा बॉक्स आठवाल्याच्या दुप्पट वॅट खातो. व्हॉल्व्हच्या मशिनीची तऱ्हा वेगळी. तिला स्पीकर न जोडता चालू करणं हाच मोठा धोका, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पण व्हॉल्व्हवाली मशीन आमच्याकडे कुणी बाळगत नाही, उचलणार कोण?

वायरी सरळ केल्या, मशीन दोन ओहम सोसणारी दुसऱ्याची मागून आणली, दोन्ही बॉक्स पुन्हा जोडून पाहिले. बेस परत आला, पण मन भरलं नाही. काही सुरांवर दणका, काहींवर खड्डा. ई वर घुमायचं, जी वर बसायचं. कारण इतकंच की दोन बॉक्सांची जातच वेगळी. एक पूर्ण बंद, दुसऱ्याला पुढे भोकं. भोकवाला बॉक्स एका ठरावीक सुराला ‘ट्यून’ केलेला असतो; त्या सुराच्या आसपास कोन जवळजवळ थांबतो आणि आवाज भोकातून येतो, आणि त्याची वेळ मागेपुढे सरकते. बंद डब्याची वेळ वेगळी चालते. दोघे काही सुरांवर एकमेकांना हात देतात, काहींवर पाय ओढतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात या भोकांच्या डब्यांचं गणित मांडलं. आज कुठल्याही चांगल्या स्पीकरच्या कागदावर त्यांच्या नावाचे आकडे असतात. ते आकडे न बघता सुताराकडून अंदाजाने भोक पाडून घेतलेले बॉक्स आमच्या भागात ढिगाने आहेत. डीजेत चालून जातात, गिटारला उघडे पडतात.

पंधरा म्हणजे खालचा बेस आणि दहा म्हणजे वरचा पंच, हा समज तर प्रत्येक साऊंडवाल्याच्या तोंडी. आकड्यांकडे बघा. पंधरा इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, दहा इंचीचं ३४० ते ३५०. म्हणजे चार दहा इंची एका पंधरापेक्षा कितीतरी जास्त हवा हलवू शकतात. बेसच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला बॉक्स अँपेगचा, १९६९ साली एसव्हीटी मशिनीबरोबर आलेला. त्यात आठ दहा इंची आणि भोक एकही नाही. रोलिंग स्टोन्सने त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर तो नेला आणि त्याचं जगभर नाव झालं. एवढा अवाढव्य बॉक्स, तरी कंपनीच्या कागदावर ४० हर्ट्‌झला आवाज दहा डेसिबलने उतरलेला. खोल बेस म्हणून आपण ऐकतो तो मुख्यतः ८० ते १६० मधला. खालचा सूर कान स्वतः पुरा करून घेतात. म्हणून ‘वीस हर्ट्‌झपर्यंत जातो’ म्हणून कुणी बॉक्स विकत असेल तर त्याच्याशी वाद न घालता पुढच्या दुकानात जावं.

चार दहा आणि एक पंधरा अशी जोडी एके काळी फार मिरवायची. दोन्ही आठ ओहमचे असतील तर मशीन दोघांना सारखे वॅट देते. चार जण मिळून जेवढं खातात तेवढं एकट्या पंधराच्या गळ्यात, मग आधी फाटतो कोण हे सांगायला नको. दोनशे वॅट चौघांत वाटले की प्रत्येकी पन्नास. पंधरा मात्र एकटा दोनशे सोसतोय.

माझ्यापुरता निर्णय सरळ होता. पंधरा इंची देऊन टाकला, मागे खरा आकडा रंगवून, आणि जसा होता अगदी तसाच दोन दहाचा आणखी एक बॉक्स घेतला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच आठ ओहम. एकसारखे दोन बॉक्स जोडले की कोनांचं क्षेत्रफळ दुप्पट होतं त्याचे तीन डेसिबल, आणि चार ओहमवर मशीन जास्त वॅट सोडते त्याचे आणखी सुमारे तीन. नुसत्या मशिनीचे वॅट दुप्पट करून तीनच मिळतात, पैसे मात्र दुप्पट जातात. लहान कार्यक्रमाला एकच बॉक्स न्यायचा, हा वरचा फायदा.

मांडणीत बरेच जण मार खातात. दोन बॉक्स शेजारी-शेजारी ठेवले की स्टेज भरल्यासारखं दिसतं, पण वरचे सूर समोर एका पट्ट्यात एकवटतात आणि बाजूच्या श्रोत्यांना तुटक ऐकू येतं. उभे, एकावर एक ठेवायचे, म्हणजे स्पीकरांची एकच उभी रांग होते आणि वरचा स्पीकर आपल्या कानाजवळ येतो. आडवा बॉक्स शक्य असेल तर बाजूवर उभा करायचा. आमच्याकडचे स्टेज म्हणजे ड्रमवर टाकलेल्या फळ्या. त्यावर बॉक्स ठेवला की फळ्याही वाजतात, एकच सूर ‘भूऽम’ करत राहतो आणि ढोलकीवाला शिव्या घालतो. बॉक्सखाली जाड फोम किंवा विटांवर टाकलेली सतरंजी, एवढ्याने बरंच काम होतं. मशिनीवर खालचे सूर कापणारं बटण असेल तर ते ३५-४० वर लावून ठेवावं. भोकवाल्या बॉक्सचा कोन ट्यूनिंगच्या खाली मोकाट सुटतो आणि वॅटची मर्यादा यायच्या आधीच फाटतो. फाटतो तो बहुतेक वेळा पाचतारी गिटारच्या खालच्या बी वर, ३१ हर्ट्‌झला.

केबलबद्दल बोलायलाच हवं. गिटार ते मशीन जाणारी केबल वेगळी, मशीन ते बॉक्स जाणारी वेगळी, जरी दोन्हींचा जॅक एकच दिसला तरी. गिटारच्या केबलची आतली तार केसासारखी. ती स्पीकरला लावली की तापते, शॉर्टही होऊ शकते. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची टू-कोर चांगली चालते. स्पीकॉन सॉकेट असेल तर उत्तम, फिरवून बसतो, पाय अडकून निघत नाही. काही जुन्या सेटांवर स्पीकरच्या वायरीला चक्क लाईटची टू-पिन लावलेली असते. अंधारात ती कुणी तरी बोर्डात खोचतो. ती दिसली की आधी कापून टाकावी, मग गाणं.

साऊंडवाला प्रेमाने म्हणेल, “दादा, आपल्या अठरा इंचीला लावून देतो, मंडप हलवतो.” लावू देऊ नका असं नाही, पण डीजेचा अठरा इंची डबा शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या वर कामाचा नाही. गिटारची चव आहे ती पाचशेपासून दोन हजारांत. तिथे नुसता अठरा इंची म्हणजे रजईत गुंडाळलेला बेस. मोठ्या गर्दीसाठी गिटारचा सिग्नल डीआय बॉक्स नावाच्या छोट्या डबीतून मिक्सरला द्यावा, तिथून टॉप आणि बेस दोन्हींना जाऊ द्यावा, आणि आपला बॉक्स आपल्याला आणि साथीदारांना ऐकू येण्यापुरता ठेवावा. हजारांची गर्दी चार दहा इंचीने भरायला गेलात तर रात्री दहाच्या आत तुमचा कोन जाईल. आणि दहानंतर, परवानगीचे मोजके दिवस सोडले तर, कायद्यानेच स्पीकर बंद.

लाकडाचंही पाहावं. एमडीएफचा बॉक्स स्वस्त आणि दुकानात गुळगुळीत, पण एखाद्या पावसात कोपरे फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. अठरा एमएमचा प्लायवूड बरा. नवे निओडिमियम मॅग्नेटचे बॉक्स महाग, पण पाठ वाचते. बॉक्स एकट्याने ओम्नीत चढवता येत नसेल तर तो कितीही गोड वाजो, लग्नसराईच्या शेवटी तुम्हाला त्याचा राग येणारच.

खरेदीला जाताना स्वतःची गिटार, स्वतःची मशीन, मल्टिमीटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी सोबत न्यावी. दुकानाबाहेर, मोकळ्यावर वाजवून बघू द्या म्हणावं. एका मित्राला वाजवायला लावून आपण दहा-पंधरा मीटर लांब जाऊन ऐकावं, ई पासून जी पर्यंत एक-एक सूर, कुठे दणका आणि कुठे खड्डा ते बघत. दोन बॉक्स घेणार असाल तर दोन्ही एकत्र लावून, मग एकाची वायर उपटून. वायर उपटल्यावर बेस वाढला तर समजायचं, आत काहीतरी उलट आहे. विकणारा “ते नंतर बघू” म्हणाला तर बॅटरी खिशात घालावी आणि परतीची एसटी धरावी.