वजनकाटा सोड, कंबर मोज

वर्धा

चि. नितीन यास,

परवा फोनवर म्हणालास, "मामा, माझं वजन चौसष्ट, मला कशाला डॉक्टर?" पोटाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीस. हातपाय काडीसारखे आणि शर्टाचं खालचं बटण तटतटलेलं, हे मी लग्नात पाहिलंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्यातली बरीच माणसं अशीच, वरून सडपातळ आणि आतून चरबीची.

ही चरबी गप्प पडून राहत नाही. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं आणि चरबीही ग्रंथीसारखी हॉर्मोन सोडते हे पक्कं झालं. पोट सुटलं की लेप्टिन वाढतं आणि रक्तदाब चढायला हातभार लावतं. इन्सुलिनला साथ देणारं, रक्तवाहिन्यांचं अस्तर जपणारं अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटतं. वर रक्ताची गाठ सहजी विरघळू न देणारा पदार्थही हीच चरबी सोडते. साखर, दाब, गाठ, तिन्ही एकाच दिशेने. लकव्याला आणखी काय लागतं?

हॉर्मोनच्या तपासण्यांवर पैसे घालू नकोस, कोणी कितीही पॅकेज दाखवो. शिंप्याचा टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोज. (तू ओढशील, म्हणून सूनबाईला मोजायला सांग.) पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या आत, बाईला ८०. सोबत बीपी आणि उपाशीपोटी साखर.

तर्री पोहे आठवड्यातून एकदा खा, माझी ना नाही. तंबाखूचा खर्रा मात्र आजच बंद. त्यावर मी वाद घालणार नाही.

आणि घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिशवाल्याकडे नेऊ नका. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन पाहून. थेट सेवाग्रामचं नाहीतर सावंगीचं रुग्णालय गाठा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

ताई पुढच्या महिन्यात इकडे येतेय. तिच्याजवळ आकडे लिहून दे. ते पाहीपर्यंत इथून गोरसपाक यायचा नाही.

तुझा,
मामा